परदेशात पैसे कसे वापरावेत: यंत्राने रुपये विचारले तर नाही म्हणा

बडोद्याहून कुणी परदेशी निघालं की घरचे म्हणतात, सगळे डॉलर रोख ने. एजंट म्हणतो, एक फॉरेक्स कार्ड (ज्यात परदेशी चलन आधीच भरून ठेवतात ते) पुरे. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. थोडी रोकड, रोजच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड आणि हॉटेल व भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटला क्रेडिट कार्ड, अशी तिन्ही सोबत हवीत. डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर दिलंत तर ती रक्कम कित्येक दिवस अडकते आणि जेवणाचं बिल भरायला शिल्लक उरत नाही.

रोकड विमानतळावर घेऊ नका, तिथला दर हमखास वाईट असतो. बडोद्यातल्या अलकापुरी-सयाजीगंज भागातल्या दोन चलन बदलणाऱ्यांकडे एकाच दिवशी विचारा आणि दर न विचारता ‘जीएसटी धरून हातात किती पडतील’ एवढंच विचारा. पन्नास हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर बँकेतूनच द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बहुतेक देशांसाठी एका फेरीला ३००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, पण इतक्या लागतही नाहीत. शंभराच्या नोटा कमी घ्या, वीस, दहा आणि पाचाच्या मागून घ्या. नातेवाइकांनी जपून ठेवलेले जुने कागदी पौंड नेऊ नका. वीस आणि पन्नासाच्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेल्या.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. दुकान, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात, चारही तपासा. ओटीपीसाठी भारतातल्या सिमचं रोमिंग चालू ठेवा.

आता खरी मेख. परदेशात कार्ड यंत्रात घातलं की ते भारतातलं आहे हे यंत्राला कळतं आणि पडद्यावर दोन रकमा येतात: ४० युरो किंवा अमुक इतके रुपये. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, शेजारी ‘खात्रीचा दर’ असंही लिहिलेलं असतं, म्हणून माणूस तेच बटण दाबतो. तिथेच पैसे जातात. तो दर आपली बँक ठरवत नाही. दुकानाच्या यंत्रामागची कंपनी ठरवते आणि आपलं कमिशन त्यातच घालते.

समजा, बाजारात युरो १०० रुपयांना आहे. ४० युरोचे ४००० झाले. यंत्राने सहा टक्के चढवले तर ४२४० होतात. व्यवहार परदेशात झाला म्हणून अनेक बँका रुपयांतल्या या रकमेवरही वेगळं शुल्क लावतात. युरो निवडून साध्या क्रेडिट कार्डाने भरले तर साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनासाठी बँक घेते ते शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरूनही सुमारे १६५ रुपयेच जादा जातात. फॉरेक्स कार्डात युरो भरलेले असतील तर तेही नाहीत. पण त्याच फॉरेक्स कार्डावर रुपये निवडलेत तर आत युरो असूनही उलटसुलट रूपांतराचा भुर्दंड बसतो. म्हणून नियम एकच, त्याला अपवाद नाही: ज्या देशात उभे आहात, त्याच देशाचं चलन निवडा.

वेटर पुष्कळदा न विचारता स्वतःच बटण दाबतो. यंत्र हातात मागा किंवा आधीच ‘इन युरो, प्लीज’ म्हणा. पावतीवर ‘आयएनआर’ (म्हणजे भारतीय रुपये) दिसलं तर सही करू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा. बाहेर पडल्यावर तक्रारीला वजन राहत नाही, कारण संमती तुमचीच धरतात.

एटीएमवर दोन प्रश्न वेगळे येतात आणि लोक इथेच गोंधळतात. पहिला एटीएमच्या शुल्काचा. ते मान्य करा किंवा दुसरं एटीएम शोधा. दुसरा रूपांतराचा. तिथे ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ (रूपांतर नको) दाबा. व्यवहार रद्द होईल या भीतीने लोक ‘ॲक्सेप्ट’ दाबतात. डिक्लाइन केलं तरी पैसे येतात, फक्त दर तुमच्या कार्डाचा लागतो.

टिपेचं गणित देशागणिक बदलतं. इथल्यासारखे बडीशेपेच्या वाटीत वीस रुपये ठेवून अमेरिकेत भागत नाही. तिथे बसून जेवलात तर १५ ते २० टक्के द्या, कारण टिप घेणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन तासाला केवळ २.१३ डॉलर धरलेलं आहे. कमी देणं म्हणजे त्या माणसाची मजुरी कापणं. कार्ड परत आल्यावर पावतीवर टिप लिहा, खाली एकूण रक्कमही स्वतःच भरा, कोरी सोडू नका. लंडनमध्ये बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बहुधा आधीच असतो, तो पाहून घ्या आणि वर पुन्हा देऊ नका. जपानमध्ये ठेवूच नका, परत आणून देतात.

नाणी तिथेच खर्चा, इथे ती कुणी बदलून देत नाही. परतल्यावर २००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बदला. आणि ॲपमधली ती चारही बटणं पुन्हा बंद करा.