व्यवसायाच्या वेबसाइटसाठी लेखक कसा निवडावा

वेबसाइट तयार करून घेताना बहुतेक व्यावसायिक रंगसंगती, बोधचिन्ह आणि छायाचित्रे यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा करतात आणि मजकुराचा विषय मात्र ‘तेवढे कोणाकडून तरी लिहून घ्या’ एवढ्या एका वाक्यात संपवतात. मग आराखडा तयार असतो, पाने रिकामी असतात आणि जो लेखक त्या आठवड्यात मोकळा असेल त्याच्या हाती काम पडते. लेखक निवडताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या घाईतून होतात. त्यामुळे लेखकाचा शोध आराखडा ठरण्याआधी, निदान त्याच्या बरोबरीने, सुरू करावा. मजकूर किती आणि कोणता हे ठाऊक नसताना आखलेल्या पानात तो नंतर कोंबावा लागतो.

शोध सुरू करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय लिहून हवे आहे, हे कागदावर मांडणे आवश्यक आहे. मुख्य पान, सेवांची माहिती, उत्पादनांची वर्णने, नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माहितीपर लेख ही सगळी एकाच प्रकारची कामे नाहीत. मुख्य पानावर मोजक्या शब्दांत वाचकाला थांबवावे लागते, उत्पादनाच्या वर्णनात मापे आणि मर्यादा अचूक द्याव्या लागतात, तर माहितीपर लेखात एखादी गोष्ट सुरुवातीपासून समजावून सांगण्याचा संयम लागतो. या तिन्ही गोष्टी सारख्याच उत्तम जमणारे लेखक थोडे असतात. म्हणून प्रत्येक पानासमोर तीन ओळी लिहाव्यात: येथे कोण येणार आहे, तो मनात कोणता प्रश्न घेऊन येणार आहे आणि वाचून झाल्यावर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे. दुसऱ्या ओळीचे उत्तर मालकापेक्षा फोन उचलणाऱ्या किंवा विक्री पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला अधिक चांगले ठाऊक असते. वेबसाइट आधीपासून असेल, तर लोक गूगलवर कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत पोहोचतात हे सर्च कन्सोल या मोफत साधनातून पाहता येते.

लेखक स्वतंत्रपणे काम करणारा असावा, एजन्सीचा असावा की पगारी, याचे उत्तर कामाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. दहा-बारा पानांसाठी पगारी माणूस नेमण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला नवा मजकूर लागत असेल तर त्याचा विचार करावा. एजन्सीकडे जाणार असाल, तर प्रत्यक्ष लेखन कोण करणार हे आधीच विचारावे आणि त्याच व्यक्तीशी बोलण्याचा आग्रह धरावा, कारण बैठकीत बोलणारा एक आणि लिहिणारा दुसराच, असे अनेकदा घडते. ज्या वेबसाइटचा मजकूर आपल्याला आवडला, तिच्या चालकांना लेखकाचे नाव विचारणे हा शोधाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग आहे.

लेखनाचे नमुने मागवताना पंधरा-वीस मागवू नयेत. तीन पुरेत, मात्र ते नीट वाचावेत. नमुना वाचताना त्यातील व्यवसायाचे नाव झाकून तेथे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव घालून पाहावे. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’, ‘दर्जेदार सेवेची दीर्घ परंपरा’ यांसारखी वाक्ये कोणत्याही नावाखाली तितकीच खरी ठरतात, आणि ज्या मजकुरात अशीच वाक्ये भरलेली आहेत तो लिहिताना लेखकाने त्या व्यवसायाविषयी काहीही जाणून घेतलेले नसते. याउलट, पंप विकणाऱ्या एखाद्या कंपनीच्या पानावर ‘पाण्यात गाळ अधिक असेल तर हा पंप घेऊ नये’ असे वाक्य आढळले, तर ते लिहिणाऱ्याने निदान एका जाणकाराला गाठून प्रश्न विचारले आहेत, असे मानायला हरकत नाही. त्यानंतर मजकुराची मांडणी पाहावी. वेबवरील वाचनाचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 79 टक्के वाचक नवे पान नुसते चाळत होते आणि शब्दन् शब्द वाचणारे केवळ 16 टक्के होते. ती पाहणी आता जुनी झाली असली, तरी चाळण्याची सवय गेलेली नाही. म्हणून केवळ उपशीर्षके आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचून मुद्दा कळतो का, हे तपासावे.

नमुन्यांवर लेखकाशी बोलणे हे नमुने वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ‘तुम्हाला कोणती माहिती पुरवली गेली होती, कोणती तुम्ही स्वतः मिळवली आणि संपादनात काय बदलले गेले?’ हे तीन प्रश्न विचारावेत. ज्याने खरोखर लिहिले आहे तो याची उत्तरे सहज आणि तपशिलाने देतो. पुष्कळसे व्यावसायिक लेखन लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध होते आणि काही कामे गोपनीयतेच्या करारामुळे दाखवताच येत नाहीत. अशा वेळी लेखकावर संशय घेण्याऐवजी पूर्वीच्या एखाद्या ग्राहकाशी बोलणे करून देण्यास सांगावे. नमुना दुसरीकडून उचललेला तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्यातील एखादे लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले तरी बरेच काही उघड होते.

गूगलसारख्या शोधयंत्रांच्या बाबतीत लेखकाला किती कळते, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुधा चुकीच्या उत्तरावर खूश होतो. ‘पहिल्या क्रमांकावर आणून दाखवतो’ असे सांगणाऱ्याला तेथेच नमस्कार करावा, कारण पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगल आपल्या मार्गदर्शनात सांगते. कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात तो शब्द, दर शंभर शब्दांत अमुक वेळा आलाच पाहिजे असे मानणारा लेखकही मागच्या काळात अडकलेला आहे. कीवर्डची यादी देणारा मेटा टॅग (पानाच्या कोडमधील, वाचकाला न दिसणारी नोंद) आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने 2009 मध्येच स्पष्ट केले होते, आणि 2011 मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पांडा’ या बदलापासून पोकळ मजकुराच्या पानांना खाली ढकलण्याचे धोरण क्रमाने कडक होत गेले आहे. लेखकाला यापेक्षा साध्या गोष्टी याव्यात: पानाचे शीर्षक आणि शोधनिकालात दिसणारे छोटे वर्णन लिहिणे, उपशीर्षकांची उतरंड राखणे, आपल्याच इतर पानांचे दुवे योग्य जागी देणे आणि चित्रांसाठी पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी येणारे वर्णन, लिहिणे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा प्रश्न टाळू नये. तो थेट विचारावा. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा त्याचा दर्जा आपण पाहतो, अशी भूमिका गूगलने फेब्रुवारी 2023 मध्ये मांडली, आणि वाचकांना उपयोगी नसलेली पाने केवळ क्रमवारीसाठी मोठ्या संख्येने पाडणे हा गैरवापर असल्याचे मार्च 2024 च्या नियमांत नमूद केले. ‘हे यंत्राने लिहिले का’ ते ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर विसंबून एखाद्या लेखकाला नाकारणे मला योग्य वाटत नाही. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै 2023 मध्ये बंद केले होते. लेखक साधन कशासाठी वापरतो आणि त्यातून आलेली प्रत्येक आकडेवारी व दावा कोण तपासतो, हे विचारणे अधिक उपयोगाचे. ही साधने खोटी माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात आणि ती आपल्या वेबसाइटवर गेली की जबाबदारी आपली असते.

लेखकाला आपल्या क्षेत्राचे ज्ञान असावे का? असल्यास चांगलेच, परंतु मी त्याला पहिले स्थान देणार नाही. क्षेत्रातच मुरलेला लेखक अनेकदा ग्राहकाला पडणारे प्राथमिक प्रश्न विसरलेला असतो, तर बाहेरून आलेला हुशार लेखक तेच प्रश्न पहिल्या भेटीत विचारतो. आरोग्य, कायदा आणि आर्थिक व्यवहार हे मात्र ठळक अपवाद आहेत. तेथे चुकीचे वाक्य वाचकाचे प्रत्यक्ष नुकसान करू शकते, त्यामुळे लेखक जाणकार हवा किंवा प्रत्येक पान जाणकाराकडून तपासून घेण्याची व्यवस्था हवी.

अंतिम निवड चाचणीवरच करावी, आणि चाचणीचे पैसे द्यावेत. फुकट नमुना लिहून मागितला की चांगले, कामात गुंतलेले लेखक तेथूनच माघार घेतात आणि आपली निवड उरलेल्यांपुरती राहते. चाचणीसाठी खरेखुरे आणि शक्यतो अवघड पान द्यावे: ज्या सेवेविषयी ग्राहकांचा नेहमी गोंधळ होतो तिचे. दोन किंवा तीन लेखकांना एकच टिपण द्यावे आणि त्यात एक-दोन महत्त्वाच्या गोष्टी मुद्दाम मोघम ठेवाव्यात, उदाहरणार्थ सेवेला लागणारा कालावधी किंवा ती कोणासाठी योग्य नाही. आता कोण काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. एक लेखक काहीही न विचारता दोन दिवसांत गुळगुळीत मजकूर पाठवतो. दुसरा फोन करून ‘ग्राहक शेवटच्या क्षणी मागे का फिरतात?’ असे विचारतो. मी एकदा पहिल्या प्रकारच्या लेखकाला पसंती दिली होती, कारण त्याची भाषा सुंदर होती. पाने प्रसिद्ध झाल्यावरही फोनवर तेच जुने प्रश्न येत राहिले, कारण त्यांची उत्तरे त्या सुंदर भाषेत कोठेच नव्हती. पहिला मसुदा आल्यावर त्यावर एक नेमकी आणि एक चुकीची वाटावी अशी सूचना करून पाहावी. चुकीची सूचना मुकाट्याने मान्य करणारा आणि रास्त सूचनेवरही वाद घालणारा, असे दोघेही पुढे तितकेच त्रासदायक ठरतात.

मजकूर मराठीत हवा असेल, तर इंग्रजी पानाचे भाषांतर करून देणारा आणि मराठीत विचार करून लिहिणारा यांतील फरक चाचणीतच दिसतो. मसुदा मोठ्याने वाचावा. जीभ जेथे अडखळते तेथे बहुधा खाली दडलेले इंग्रजी वाक्य असते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर किंवा फोनवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, मिळेल याचीही खात्री करावी, कारण छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फाँटमधील मजकूर वेबसाइटवर टाकला की त्याची निरर्थक अक्षरे होतात आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही.

मोबदला शब्दांवर ठरवण्याची प्रथा आहे, पण शब्दाला दर दिला की लेखकाला पाल्हाळाचा मोह होतो आणि दहा शब्दांत बसणारे मुख्य पानाचे शीर्षक लिहिण्यामागची तीन दिवसांची मेहनत कवडीमोल ठरते. पानाला किंवा संपूर्ण कामाला दर ठरवणे दोघांच्याही हिताचे असते. लेखी करारात पानांची संख्या, मुदत, किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील आणि पैशांचे हप्ते यांचा उल्लेख असावाच. शिवाय मजकुराच्या मालकीचे कलम विसरू नये. पगारी नोकर नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा कॉपीराइट बहुतेक देशांत मुळात त्याच्याकडे असतो आणि केवळ पैसे दिल्याने तो आपोआप आपल्याकडे येतोच असे नाही, म्हणून हस्तांतरण स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.

लेखक निवडल्यावर आपल्या बाजूने मजकुराला मंजुरी देणारी व्यक्ती एकच ठेवावी, कारण पाच जणांच्या सूचना सांभाळताना उत्तम लेखकाचेही पान बेचव होते. कामाच्या पहिल्या आठवड्यात त्याला विक्रीच्या माणसांबरोबर तासभर बसू द्यावे आणि त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण किंवा टिपणे आपल्याकडेही जपून ठेवावीत, म्हणजे पुढे लेखक बदलला तरी नव्या माणसाला तेथून कामाला सुरुवात करता येते.