आधी मिठाचा हिशेब, मग शेवाळ: ब्रॉयलरच्या खाद्यात समुद्री शेवाळ कसं घालावं

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात समुद्री शेवाळ घालायचं ते मसाल्याइतकंच. मका किंवा सोया ढेपेच्या जागी ते धरलं की पक्ष्यांचं वजन घटलंच म्हणून समजा. वाळलेल्या शेवाळात साधारण 20 ते 40 टक्के राख असते, म्हणजे निव्वळ क्षार. शिवाय त्यातले तंतुमय पदार्थ फोडायला कोंबडीकडे एन्झाइम नाहीत. ते न पचता सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या पिशवीत, पोचतात. तिथले जंतू त्यावर पोसतात आणि ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराला ती मानवतात. फायदा मिळायचा तो याच वाटेनं, आणि त्याला अर्धा ते एक टक्का शेवाळ पुरतं. दहा टक्क्यांवर गेलात तर वाढ खुंटते.

करारावर पक्षी वाढवत असाल तर मात्र इथंच थांबा. दाणा कंपनीचा असतो. विचारल्याशिवाय त्यात चिमूटभरही काही टाकू नये.

तुम्ही वडोदऱ्याकडचे असाल तर समुद्र लांब असला तरी माल गुजरातचाच मिळू शकतो. ओखा-द्वारकेपासून वेरावळ-दीवपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर हिरवं उल्वा आणि तपकिरी सरगॅसम येतं. कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कच्या हद्दीतून गोळा केलेलं शेवाळ घेऊ नका, तिथून काही उचलायला मनाई आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं उल्वा घ्यावं. तपकिरी जातींत, विशेषतः केल्प नावाच्या मोठ्या शेवाळात, आयोडीन फार असतं. समजा पावडरीत किलोला 500 मिलिग्रॅम आयोडीन आहे. एक टक्का घातली तर खाद्यात किलोमागे 5 मिलिग्रॅम जातं, आणि ब्रॉयलरची गरज आहे जेमतेम 0.35 मिलिग्रॅमची. त्यात प्रीमिक्समधलं (खाद्यात घालायच्या व्हिटॅमिन-खनिजांच्या तयार मिश्रणातलं) आयोडीन वेगळंच. सरगॅसम घेतलंत तर आर्सेनिकचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय गोणी उघडू नका. पिकांवर फवारायला मिळणारा शेवाळाचा अर्क पक्ष्यांच्या पाण्यात ओतू नये; त्यात खतं आणि टिकवणारी रसायनं मिसळलेली असू शकतात.

गोणी आली की दोन मिनिटांची परीक्षा करा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एक चमचा पावडर टाका आणि ढवळून सोडा. शेवाळ फुगतं, तरंगतं, सावकाश खाली येतं. वाळू मात्र लगेच तळाशी बसते. वरचं पाणी हलकेच ओतून तळाचा गाळ बोटांत चोळा. करकर लागली तर किलोच्या भावात वाळू घेतलीत. आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर माल ढिगात सडला होता, मग भाव कितीही कमी असो, परत पाठवा.

ओलं शेवाळ आणून वाळवायचं असेल तर 10 किलोचं एक-दीड किलो होतं, हे आधी धरा. साध्या पाण्यात दोनदा, दर वेळी दहा मिनिटं बुडवून काढा. त्याहून जास्त भिजवलं तर मिठाबरोबर विरघळणारे उपयोगी पदार्थही वाहून जातात. जमिनीवर न पसरता उंच बांधलेल्या जाळीवर पातळ थर द्या. पान मुठीत कुरकुरीत मोडलं की दळा. ओलावा 10 टक्क्यांच्या आत हवा. शेवाळातलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात, वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीला पाणी चढायच्या दिवसांत, पंधरा दिवसांपुरतंच दळावं आणि आतून प्लास्टिक असलेल्या गोणीत तोंड बांधून ठेवावं.

आता मीठ. बहुतेकांचं इथंच चुकतं. प्रयोगशाळेच्या रिपोर्टमधला सोडियमचा आकडा घ्या. समजा तो 3 टक्के आहे. एक टनात 10 किलो पावडर, म्हणजे 300 ग्रॅम सोडियम. मिठात सोडियम 39 टक्के असतं, तेव्हा हे झालं सुमारे 770 ग्रॅम मीठ. टनाला 3 किलो मीठ घालत असाल तर आता 2 किलो 230 ग्रॅम घाला. क्लोराइडचा आकडाही तपासा, आणि खाद्यात सुकट असेल तर तिचं मीठही मोजा. हा हिशेब टाळला की पक्षी पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, लिटर (शेडमध्ये पसरलेला भुसा) भिजतं, अमोनिया चढतो आणि पक्ष्यांचे तळपाय भाजतात. दोष मात्र शेवाळाच्या माथी येतो.

पहिले 10 दिवस काही घालू नका, पिल्लाचं आतडं अजून कच्चं असतं. अकराव्या दिवसापासून टनाला अडीच किलो, पंधराव्यापासून 5 किलो. सगळं ठीक वाटलं तरच फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्यात, 10 किलोपर्यंत जा. मिक्सरमध्ये थेट ओतलं तर गुठळ्या होतात. आधी 5 किलो पावडर 5 किलो मक्याच्या भरड्यात मिसळा, मग त्यात आणखी 10 किलो, मग 20 किलो. हे 40 किलो झालं की मिक्सरमध्ये सोडा. व्हिटॅमिन प्रीमिक्सबरोबर एकत्र करून ठेवू नका, ओल धरली की व्हिटॅमिन जातात.

रोज सकाळी ड्रिंकरखालचं (पाण्याच्या भांड्याखालचं) लिटर मुठीत दाबा. सुटून पडलं तर उत्तम. लाडवासारखा गोळा राहिला तर मात्रा निम्मी करा आणि मिठाचा हिशेब पुन्हा मांडा.

उपयोग होतो का, हे शेड मधोमध जाळीनं विभागूनच कळतं. हजार पक्ष्यांत 500 शेवाळावर, 500 नेहमीच्या खाद्यावर. दर आठवड्याला दोन्हीकडचे 50-50 पक्षी तोला, खाद्य आणि मर वेगळी लिहा. मेमध्ये पश्चिमेकडची बाजू तापते, तिथले पक्षी कमी खातात; म्हणून पुढच्या बॅचला बाजू बदला, नाहीतर उन्हाचा फरक शेवाळाच्या खात्यावर पडेल.

खर्चाचं गणित सोपं आहे. पक्षी विक्रीपर्यंत साडेतीन किलो खाद्य खातो असं धरलं, तर अर्ध्या टक्क्यानं 17.5 ग्रॅम शेवाळ. पावडर 60 रुपये किलो पडली तर पक्ष्यामागे 1 रुपया 5 पैसे. खाद्य 42 रुपये किलो असेल तर तेवढ्याच वजनाला 25 ग्रॅम खाद्य वाचलं की बरोबरी. दोन बॅचमध्ये तेवढंही वाचलं नाही, मर कमी झाली नाही, तर तिसरी गोणी मागवू नका.