थंडीने मोहोर गेला? अंदाज बांधताना या चुका टाळा

दोन वर्षांमागे जानेवारीत आमची सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, हापूसची कलमं पान दिसणार नाही इतकी मोहोरली होती. मी खळ्यात उभ्या उभ्या पेट्या मोजल्या आणि तेवढ्यांचा शब्दही देऊन बसलो. शिमग्याला झाडाखालची गळलेली कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक कैरी, केरसुणीने गोळा करत होतो.

बर्फाळ मुलखात द्राक्षाचा डोळा थंडीने गेला की नाही हे बघायला तो ब्लेडने चिरतात. आत हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेला. हापूसचं तसं नाही. थंडी बाधलेला मोहोरही वरून टवटवीतच दिसतो. म्हणून तुरे मोजणं ही पहिली चूक. रात्रीचा पारा 15 अंशांच्या खाली बरेच दिवस राहिला की त्या काळात निघालेल्या तुऱ्यात नरफुलंच जास्त येतात.

भिंग घ्या आणि उमललेलं एक फूल तळहातावर ठेवा. मधोमध पिवळट हिरवा, मोहरीहूनही बारीक गोल दाणा आणि त्याच्या कुशीतून निघालेली वाकडी काडी दिसली, तर ते संयुक्त, म्हणजे नर-मादी दोन्ही असलेलं फूल. फळ फक्त त्यालाच धरतं. दाणा नाही, नुसता गुलाबी टोकाचा पुंकेसर, तर नर. एकाच तुऱ्यावर निकाल देऊ नका. झाडाच्या चारही बाजूंचे, वरचे-खालचे तुरे बघा. वलाटीतल्या, म्हणजे किनाऱ्यापासून आतल्या भागातल्या, खोलगट जागेत गारठा साचतो, तिथली कलमं वेगळी धरा.

मोहोर काळा पडला की "थंडीने जळला" म्हणून मोकळं होणं, ही दुसरी चूक. पांढरी पूड असेल तर भुरी. काळे ठिपके पसरत असतील तर करपा. पानं चिकट आणि फांदी हलवली की भुर्रकन उडणारे किडे, तर तुडतुडे. यांना औषध आहे, नरफुलांना नाही. आणि घाबरून ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलंत, तर परागीकरण करणाऱ्या माश्याच मरतील.

कणी दिसली म्हणूनही हुरळू नका. गळलेल्या गोटीएवढ्या दहा-वीस कैऱ्या उभ्या कापा. आतली बी सुकलेली, काळपट असेल तर त्या घोसातली बाकीचीही फारशी टिकायची नाहीत.

सगळ्यात फसवा तो पुनर्मोहोर, म्हणजे दुसऱ्यांदा येणारा मोहोर. कैरी वाटाण्याएवढी असताना त्याच काडीवर पुन्हा तुरा फुटतो, बघणारा खूश होतो, आणि झाडाचा रस नव्या तुऱ्याकडे वळून जुनी कैरी गळते. हा टाळायला मोहोरावर 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग) जिब्रेलिक आम्ल हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक फवारतात, म्हणजे 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. पावडर थेट पाण्यात टाकू नका, नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. फवारणीची वेळ मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारूनच ठरवा.

पेट्यांचा आकडा मी आता कैरी सुपारीएवढी झाल्याशिवाय सांगत नाही. दलाल रुसतो, रुसू दे.