टर्मिनलवर हॅशमधून पासवर्ड बनवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त चालणारी युक्ती अशी: डेट कमांडकडून आत्ताचे सेकंद घ्यायचे, शा२५६समकडे (मजकुरापासून ठरावीक लांबीची खूण, म्हणजे हॅश, काढणारी कमांड) पाइप करायचे, मग बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिणारी कमांड) आणि शेवटी हेड लावून पहिली ३२ अक्षरं उचलायची. दिसायला पासवर्ड भक्कम. पण वर्षात सेकंद असतात ३,१५,३६,०००. वर्षाचा अंदाज आला की तपासायचे पर्याय तेवढेच, आणि साधा लॅपटॉपही ते झटपट उरकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हॅश यदृच्छा (अंदाज न येणारेपण) निर्माण करत नाही, आहे ती फक्त ढवळतो.

त्यातला बेस६४ तर निव्वळ देखावा. शा२५६सम कच्चे बाइट देत नाही, हेक्सची (०-९ आणि ए-एफ) ६४ अक्षरं छापतो. बेस६४ त्या छापील मजकुरालाच गुंडाळतो. म्हणून ३२ अक्षरांत हेक्सची २४च मावतात: यदृच्छेचे १९२ बिट वाटतात, असतात जास्तीत जास्त ९६.

आता एखाद्या शब्दाचा हॅश पासवर्ड म्हणून वापरणाऱ्यांची 'काल हाच शब्द दिला होता, आज हॅश वेगळा' ही तक्रार. बहुतेक वेळा दोषी इको (मजकूर छापणारी कमांड): तो शेवटी नवी ओळ जोडतो आणि तीही हॅशमध्ये जाते. नवी ओळ टाळणारा 'इको -एन' सगळीकडे सारखा वागत नाही. मॅकच्या एसएच शेलमध्ये तो '-एन' हीच अक्षरं छापतो. प्रिंटएफ वापरा. हॅश डी४१डी८सीडी९ (एमडी५) किंवा ई३बी०सी४४२ (शा-२५६) असा सुरू झाला, तर आत काहीच पोचलेलं नाही, तो रिकाम्या इनपुटचा हॅश आहे. शेवटची दोन स्पेस आणि '-' हा हॅशचा भाग नव्हे, फाइलच्या नावाची जागा आहे.

मूळ शब्द मराठीत असेल तर आणखी एक गंमत. वरच्या 'पोहऱ्यात'मधला आडवा अर्धा र (ऱ्) टिंबवाल्या ऱ-ला हलन्त जोडून येतो, तसाच साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) यांतूनही. डोळ्यांना एकच, बाइट वेगळे, हॅश वेगळा. फोन आणि लॅपटॉपचे कीबोर्ड इथे हमखास फसवतात.

गुप्त शब्द थेट कमांडमध्ये टाइप केलात तर तो बॅशच्या हिस्टरीत साध्या मजकुरात राहतो. बॅशमध्ये 'रीड -एस'ने (टाइप केलेलं पडद्यावर न दाखवणारी कमांड) घ्या.

नवा पासवर्ड हवा असेल तर हॅशची गरजच नाही. 'ओपनएसएसएल रँड -बेस६४ १८' दिलं की २४ अक्षरं, खरे १४४ बिट. १८ला ३ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे शेवटी '=' लटकत नाही.