सेंद्रिय खाताना पैसे कुठे गळतात? या चुका टाळा

सेंद्रिय माल महाग असतो, त्यात वाद नाही. पण मुंबईच्या घरांत त्याहून जास्त पैसा जातो तो नको ती वस्तू, नको तेवढी आणल्यामुळे.

पहिली चूक उत्साहाची. एका महिन्यात तांदळापासून बिस्किटांपर्यंत सगळं सेंद्रिय, आणि पुढच्या महिन्यात बिल बघून सगळंच बंद. त्यापेक्षा क्रम लावा. पालेभाज्या, द्राक्षं, भोपळी मिरची, वांगी, फ्लॉवर यांवर फवारणी होते आणि सोलण्यासारखं काही नसतं, तेव्हा पैसा आधी तिकडे. नारळ, केळी, कांदा नेहमीच्या भाजीवाल्याकडचे चालतील. बिस्किटं-नूडल्स यादीतून काढूनच टाका. मैदा सेंद्रिय असला तरी मैदाच.

'नॅचरल', 'फार्म फ्रेश' या शब्दांना जादा पैसे मोजू नका. पाकिटावर 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा. पीजीएस-इंडिया या सरकारी योजनेत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासून प्रमाणपत्र देतात. तिच्या मालावर 'ग्रीन' लिहिलं असेल तर ती जमीन अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे. त्याला पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नका. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्रातून सूट आहे. वांद्र्यासारख्या रविवारच्या शेतकरी बाजारात चिन्ह दिसलं नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. विचारा, कीड पडली की काय मारता? दशपर्णी अर्क (दहा झाडांच्या पाल्याचा), निमार्क (कडुनिंबाचा), कधी आणि किती, हे करणारा माणूस न अडखळता सांगतो. थंडीतले मटार आणि फ्लॉवर बाराही महिने मांडणाऱ्याला तर दोनदा विचारा.

खरं नुकसान होतं डब्यात. सेंद्रिय धान्याला गोदामात रासायनिक धुरी देता येत नाही, त्यामुळे किडीची अंडी दाण्याबरोबर घरी येऊ शकतात. त्यात आपला पावसाळा! दहा किलो घेतलं की स्वस्त पडतं म्हणून आणलेल्या तांदळात जुलैत टोके फिरू लागतात, रव्यात अळ्या. पूर्वी उन्हाळ्यात धान्याला कडक ऊन दाखवायचे. आता गच्चीची चावी सेक्रेटरीकडे. म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतंच आणा. आणल्यावर घट्ट बंद पिशवीत चारेक दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दाण्यावर दव धरतं आणि बुरशी येते. पिशवीचा गारवा पूर्ण गेल्यावर, म्हणजे ती खोलीच्या तापमानाला आल्यावर, धान्य कोरड्या डब्यात भरा. डब्यात कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला.

बिनसेंद्रिय भाजी-फळं लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. वरवरचा अंश बराच जातो. आत मुरलेलं औषध जात नाही.

आणि पावसाळ्यात महागड्या सेंद्रिय पालकाच्या मागे कशाला लागायचं? दादर, ठाणे, बोरिवलीच्या बाजारांत पालघर-कर्जतकडच्या बायका टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसतात. रानात आपोआप उगवलेल्या भाजीवर कोण फवारणार? फक्त कुठून आणली ते विचारा. रुळांच्या नि नाल्याच्या कडेची नको. शेवळं ही रानभाजी घेतलीत तर सोबत काकडं, म्हणजे तिच्यात घालायची आंबट रानफळंही मागा, नाहीतर भाजीने घसा खाजेल.