‘फ्रेश फिशेस’ आणि ‘लगेजेस’: होमस्टेच्या इंग्रजीत या चुका टाळा

तारकर्ली, गुहागर, हर्णै, कुठेही जा, होमस्टेचा बोर्ड इंग्रजीत असतो आणि बुकिंगचे मेसेजही बहुतेक इंग्रजीतच. काउंटेबल-अनकाउंटेबल नाउनचा धडा शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. तरी बोर्डावर ‘फ्रेश फिशेस’ येतं आणि व्हॉट्सॲपवर ‘फॉर मोअर इन्फर्मेशन्स कॉल’. कारण बहुतेक वेळा एकच: वस्तू मोजता येते ना, मग लाव ‘एस’, असा आपला हिशेब. खोलीतल्या खुर्च्या-पलंग मोजता येतात हे खरं, पण इंग्रजीत ‘फर्निचर’ मोजत नाहीत. खुर्ची मोजा, फर्निचर नको.

अशा चुकांनी भरलेला एक नमुना मेसेज घ्या:

‘अवर रूम्स हॅव न्यू फर्निचर्स. हाऊ मेनी लगेजेस यू हॅव? स्कूबा इक्विपमेंट्स आर रेडी. अवर स्टाफ्स विल गिव्ह यू ॲन ॲडव्हाइस.’

दुरुस्त केल्यावर:

‘अवर रूम्स हॅव न्यू फर्निचर. हाऊ मच लगेज डू यू हॅव? द स्कूबा इक्विपमेंट इज रेडी. अवर स्टाफ विल गिव्ह यू सम ॲडव्हाइस.’

नुसता ‘एस’ खोडून काम भागलेलं नाही. ‘मेनी’चं ‘मच’ झालं, ‘आर’चं ‘इज’ झालं, ‘ॲन’ जाऊन ‘सम’ आलं. बरेच जण ‘एस’ काढतात आणि क्रियापद तसंच ठेवतात, मग ‘इक्विपमेंट आर रेडी’ होतं. आकडा हवाच असेल तर मोजण्याजोगा शब्द पुढे आणा: ‘थ्री बॅग्ज’, ‘टू पीसेस ऑफ लगेज’, ‘फोर स्टाफ मेंबर्स’. ‘सीनरी’, ‘फीडबॅक’, ‘सीफूड’ हेही याच रांगेतले. ‘ब्युटिफुल सीनरीज’ तर आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही.

मासळीचं प्रकरण वेगळं. ‘फिश’ मोजता येतो, फक्त अनेकवचनात बहुधा बदलत नाही: ‘वन फिश’, ‘फाइव्ह फिश’. ‘फिशेस’ सरसकट चूक नाही. वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना, विशेषतः शास्त्रीय लिखाणात, तो चालतो. ‘आज ताजी मासळी मिळेल’ सांगायला मात्र ‘फ्रेश फिश’ पुरे. आणि ताटात आला की तोच ‘फिश’ मोजायचा नाही: ‘डू यू ईट फिश?’ कोलंबी आणि कुर्ल्यांना ‘एस’ लागतो, ‘प्रॉन्स’, ‘क्रॅब्ज’. चिकनच्या बाबतीत सांभाळा. ‘वी विल कुक चिकन’ म्हणजे चिकन करू, ‘वी विल कुक अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी. चौघांचं जेवण सांगणाऱ्याला यातून चुकीचा अंदाज जाऊ शकतो.

त्याहून घोटाळा ‘रूम’चा. ‘वी हॅव रूम’ याचा अर्थ ‘आमच्याकडे जागा आहे’. एक खोली रिकामी असेल तर ‘अ रूम’, जास्त असतील तर ‘रूम्स’. एवढ्याशा ‘अ’वरून पाहुणा किती माणसं आणायची ते ठरवतो.

काही चुका मराठीतून येतात, त्या पटकन सांगतो. आपण तांदूळ निवडतो, केस विंचरतो, पैसे देतो, सगळं अनेकवचनात. म्हणून ‘मनी आर रिसीव्ह्ड’ लिहिलं जातं. ‘द मनी हॅज बीन रिसीव्ह्ड’ म्हणा. डोक्यावरच्या केसांना ‘हेअर’च, पण सोलकढीत एखादा सापडला तर ‘अ हेअर’ (तशी वेळ न येवो). ‘न्यूज’च्या स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ आहे म्हणून फसू नका: ‘द न्यूज इज गुड’.

हापूस विकणाऱ्यांसाठी: आकड्यानंतर ‘डझन’ला ‘एस’ नाही आणि ‘ऑफ’ही नाही. ‘टू डझन मँगोज’. पेटीला मात्र दोन्ही लागतात, ‘टू बॉक्सेस ऑफ मँगोज’. आमरसाच्या डब्यांचंही तसंच, ‘टू टिन्स ऑफ मँगो पल्प’. ‘पल्प्स’ नको.

दोन ठिकाणी ‘एस’ दिसला तरी हात लावू नका. पावसाळ्यात बंद असल्याचा बोर्ड ‘क्लोज्ड ड्युरिंग द रेन्स’ असा असेल तर तो बरोबर आहे, ‘द रेन्स’ म्हणजे पावसाळा. नुसतं ‘अ रेन’ मात्र सहसा म्हणत नाहीत. आणि अमेरिकन पाहुण्याने ‘अकोमोडेशन्स’ लिहिलं तर त्यांच्याकडे ते चालतं. आपण शाळेत शिकतो ते इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, तिथे राहण्याच्या सोयीला ‘एस’ लावत नाहीत.

शंका आली तर फोनवर केंब्रिजचा शब्दकोश उघडा. शब्दाजवळ चौकोनी कंसात ‘सी’ दिसला तर मोजता येतो, ‘यू’ दिसला तर नाही. दोन्ही असतील तर अर्थागणिक बघावं लागतं, ‘रूम’सारखं.

आणि कुणी जेवणाच्या टेबलावरून ‘टू टीज अँड थ्री वॉटर्स, प्लीज’ म्हणालं, तर ते चुकलेलं नाही. ऑर्डर देताना असंच बोलतात. दोन कप चहा आणि पाण्याच्या तीन बाटल्या न्या.