डिस्क गोल्फचा हंगाम आखताना आधी कोर्स पाहा, मग बक्षीस

डिस्क गोल्फमध्ये टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, चपटी डिस्क फेकत कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची. असा एकेक टप्पा म्हणजे होल, आणि साधारण अठरा होलचा एक कोर्स. वर्षाचं वेळापत्रक हाती आलं की बहुतेक खेळाडू बक्षिसाची रक्कम आणि स्पर्धेचं नाव पाहून खुणा करत सुटतात. हंगाम बिघडायला तिथूनच सुरुवात होते. स्पर्धा निवडायची ती कोर्सवरून, आपल्या हातातल्या फेकींवरून आणि दोन स्पर्धांमध्ये अंगाला किती विश्रांती मिळते त्यावरून. इथे दिलेली पद्धत अमेरिकेतल्या पीडीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या, स्पर्धांना धरून आहे. तिथे सी, बी, ए असे चढते दर्जे आहेत, त्यांच्यावर प्रो टूरच्या एलिट स्पर्धा आणि सर्वांत वर मेजर.

रेटिंगचा हिशेब

तुमचं रेटिंग, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, गेल्या बारा महिन्यांतल्या नोंदलेल्या फेऱ्यांवरून निघतं. ८ किंवा जास्त फेऱ्या असतील तर त्यांतल्या सर्वांत ताज्या पाव भागाला दुप्पट वजन मिळतं. १००० म्हणजे स्क्रॅच खेळाडू, कोर्सच्या प्रमाण फेकींत फेरी संपवणारा, आणि टूरवरचे अव्वल पुरुष १०४० च्या पुढे असतात. साधारण लांबीच्या कोर्सवर १० गुण म्हणजे एका फेरीत एक फेक. म्हणजे ९६० चा खेळाडू १०४० वाल्यापेक्षा फेरीला ८ आणि तीन फेऱ्यांत २४ फेकींनी मागे राहणार. लांब आणि अवघड कोर्सवर एका फेकीची किंमत ७ ते ८ गुणांवर उतरते, त्यामुळे तीच तफावत ३० च्या वर जाते.

म्हणून फी भरण्याआधी त्याच स्पर्धेचा गेल्या वर्षीचा निकाल उघडा. प्रो गटात रोख बक्षीस साधारण निम्म्याहून कमी खेळाडूंना मिळतं. त्या यादीत शेवटच्या माणसाचं रेटिंग काय होतं ते पाहा. ते तुमच्यापेक्षा २० गुणांपर्यंत जास्त असेल तर जरूर उतरा. त्याहून जास्त असेल तर ती स्पर्धा शिकण्यासाठी म्हणूनच घ्या, आणि वर्षात अशा दोनच ठेवा.

कोर्स वाचायचा कसा

नकाशा आणि मागच्या वर्षीचे व्हिडिओ समोर घेऊन बसा आणि प्रत्येक होलपुढे चार गोष्टी लिहा: खरी लांबी, वळण कुठे, झाडांमधली पहिली फट किती रुंद, आणि चूक झाली तर किंमत काय.

खरी लांबी म्हणजे चढ-उतार धरून आलेली लांबी. उंचीतला प्रत्येक फूट तीन फुटांचा मानायचा, हा जुना ठोकताळा कामाला येतो. ३०० फुटांच्या होलची बास्केट १५ फूट वर असेल तर तो ३४५ फुटांचा समजा, तेवढीच खाली असेल तर २५५ चा. आता अशा लांबीवर तुमची डिस्क किती होलवर बास्केटपासून १० मीटरच्या आत, म्हणजे पहिल्या वर्तुळात, पोचते ते मोजा. १८ पैकी ६ हून कमी होल निघाले तर तो कोर्स तुमच्या ताकदीबाहेरचा आहे.

वळणाचं गणित उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर नेत) फेकणाऱ्यासाठी असं: डिस्क शेवटी डावीकडे पडते. उजवीकडे वळणारे होल सातच्या वर असतील आणि तुमचा फोरहँड (तळहात पुढे ठेवून केलेली, उजवीकडे पडणारी फेक) २५० फुटांवर भरवशाचा नसेल, तर तो कोर्स सोडा. ॲनहायझरवर (डिस्क उजवीकडे कलवून केलेल्या बॅकहँडवर) निभावून नेता येईल असं वाटतं, पण वारा आला की तीच फेक सर्वांत आधी दगा देते.

झाडीतल्या कोर्सवर लांबीपेक्षा फट मोठी. टीपासून ६० फुटांवर दोन झाडांमध्ये १० फूट जागा असेल, तर डिस्क सुटताना मधल्या रेषेपासून पाच अंश चुकली की खोडावर आदळणार. केंटकीतलं आयडलवाइल्ड आणि जॉर्जियात ॲपलिंगमधला डब्ल्यू. आर. जॅक्सन कोर्स या प्रकारातले. इथे ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, पिशवीतच राहू द्या. मिडरेंज आणि पटरने (मध्यम आणि जवळच्या पल्ल्याच्या डिस्कने) सरळ २५० फूट फेकणारा माणूस इथे ४५० फूट फेकणाऱ्याला मागे टाकतो.

कॅन्ससमधलं एम्पोरिया याच्या अगदी उलट, मोकळं मैदान आणि वसंतातला सणसणीत वारा. समोरून वारा आला की डिस्क नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे कलते, पाठीमागून आला तर लवकर बसते आणि डावीकडे पडते. त्यामुळे पिशवीत ओव्हरस्टेबल (सहज उजवीकडे न कलणारे) ड्रायव्हर आणि ओव्हरस्टेबल पटर दोन-दोन हवेत. पाण्यात एक गेला तरी फेरी थांबता कामा नये. उंचावरच्या, म्हणजे कोलोराडोसारख्या ठिकाणी विरळ हवेत डिस्क कमी कलते, तिथे घासून मऊ झालेल्या, सहज कलणाऱ्या जुन्या डिस्क कामाला येतात.

तिसरा प्रकार दोरी लावून आखलेल्या कोर्सचा. साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिलमध्ये विंथ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून होणारी यूएसडीजीसी, म्हणजे अमेरिकेची डिस्क गोल्फ विजेतेपद स्पर्धा, हा त्याचा नमुना. दोरीपलीकडे गेलात की एक दंड फेक, आणि काही होलवर शिवाय ड्रॉप झोनला (पुढची फेक करायला ठरवून दिलेल्या जागी) किंवा मूळ जागी परतावं लागतं. इथे प्रत्येक होलचा हिशेब घरीच करून जा. सांभाळून खेळल्यास ४ नक्की, धाडस केल्यास जमलं तर ३ आणि फसलं तर ५, अशा होलवर धाडस निम्म्याहून जास्त वेळा जमायला हवं. फसल्यावर ६ होत असतील तर तीनपैकी दोनदाहून जास्त. सरावात वीस फेकी करून हा आकडा काढा, अंदाजावर सोडू नका.

एकाच स्पर्धेत दोन प्रकारचे कोर्सही येतात. २०२३ ची जागतिक स्पर्धा व्हरमाँटमध्ये स्मगलर्स नॉचला झाली, त्यात फॉक्स रन कुरणातला मोकळा आणि ब्रूस्टर रिज झाडीतला. पुरुषांत आयझॅक रॉबिन्सन जिंकला, महिलांत एस्टोनियाची क्रिस्टिन तत्तर. अशा स्पर्धेची तयारी आपल्या कच्च्या कोर्सवर करा, आवडत्यावर नको.

आठवड्यांची मांडणी

अमेरिकेतला हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या उबदार राज्यांतून सुरू होतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा दक्षिणेकडे संपतो. नकाशावर हीच रेघ धरा. एम्पोरियाहून ॲपलिंग हजार मैलांच्या आसपास आहे. रविवारी संध्याकाळी निघालात तर मंगळवारी सराव करताना पाठ आखडलेली असते. ज्या दोन स्पर्धांमध्ये आठ तासांहून जास्त गाडी चालवावी लागते, त्यांच्यामध्ये एक आठवडा मोकळा ठेवा. सलग तीन स्पर्धा, मग एक सुट्टी, यापेक्षा घट्ट वीण घालू नका. कोपर आणि खांदा चौथ्या आठवड्यात बोलायला लागतात, आणि खेळाडू मात्र दोष पटिंगला, म्हणजे बास्केटजवळच्या फेकींना, देतात.

युरोपला जायचं असेल तर एका स्पर्धेसाठी जाऊ नका. दोन किंवा तीन एकत्र घ्या आणि पहिल्या फेरीआधी पाच दिवस पोचा.

शुक्रवारी पहिली फेरी असेल तर सराव असा वाटा: मंगळवारी पूर्ण फेरी, बुधवारी फक्त टीवरच्या फेकी, होलला तीनहून जास्त नाही, गुरुवारी नऊ होल आणि अर्धा तास पटिंग. गुरुवारी छत्तीस होल खेळणारे रविवारी शेवटच्या सहा होलवर डिस्क आखूड टाकतात, कारण पायातला जोर संपलेला असतो.

नोंदणी आणि व्हिसा

मोठ्या स्पर्धांची नोंदणी टप्प्यांत उघडते, वरच्या रेटिंगवाल्यांना आधी. तुमच्या टप्प्याची तारीख आणि माघार घेतल्यास फी परत मिळण्याची मुदत, दोन्ही लिहून ठेवा. हौशी खेळाडू प्रो गटात खेळून रोख रक्कम नाकारू शकतो, त्याचा हौशी दर्जा टिकतो. एच-१बीवर असलेल्या आपल्या मंडळींनी रोख बक्षीस घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावंच.

फेरीच्या दिवशी

उशीर झाला तर चुकलेल्या प्रत्येक होलला पार (त्या होलच्या ठरलेल्या फेकी) अधिक चार लागतात, म्हणून टी टाइमच्या पाऊण तास आधी पोचा. पाळी आल्यावर फेकायला ३० सेकंद, हरवलेली डिस्क शोधायला ३ मिनिटं. पायाची जागा मार्करच्या (डिस्क पडली ती जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल एवढीच असते, ओल्या उतारावर ती धरणं सरावात करून पाहा. पहिल्या वर्तुळात पट केल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. कार्डवरची बेरीज चुकली तर दोन फेकींचा दंड बसतो, तेव्हा सही करण्याआधी अठराही आकडे सोबत्यांबरोबर वाचून घ्या.